वाचकांचे प्रश्न : नियमांच्या संकेतस्थळाची मांडणी कशी असावी?

प्रश्न : वडोदऱ्यात आमचा संकेतस्थळे तयार करण्याचा लहानसा व्यवसाय आहे. एका शासकीय संस्थेने आपले सर्व नियम, उपविधी आणि परिपत्रके लोकांना वाचता येतील असे संकेतस्थळ करण्याचे काम आम्हाला दिले आहे. हाती आल्या आहेत त्या पीडीएफ फाइली. काही गुजरातीत, काही इंग्रजीत आणि बऱ्याचशा स्कॅन केलेल्या. त्या तारखेप्रमाणे एकाखाली एक लावून वर शोधाची चौकट द्यावी, एवढीच संस्थेची अपेक्षा दिसते. मला ते पुरेसे वाटत नाही. हवा तो नियम सापडावा आणि नीट वाचता यावा यासाठी कोणत्या सोयी द्याव्यात?
— एक वाचक, रावपुरा, वडोदरा

उत्तर : आपली शंका रास्त आहे. तारखेप्रमाणे लावलेली यादी जावक नोंदवहीसारखी असते. ज्याने कागद काढला त्याला ती उपयोगी पडते, कारण कागद केव्हा निघाला हे त्याला ठाऊक असते. मांडवीजवळच्या जुन्या घराची दुरुस्ती करू पाहणाऱ्या माणसाला परिपत्रकाचा क्रमांकही माहीत नसतो आणि तारीखही नसते. पुढचा ओटा वाढवायला परवानगी लागते का, लागत असल्यास अर्ज कोणाकडे करायचा आणि उत्तर किती दिवसांत मिळाले पाहिजे, एवढेच त्याला विचारायचे असते.

म्हणून सर्वांत आधी हे ठरवून टाका, की या संकेतस्थळाचे एकक फाइल नसून नियम आहे. प्रत्येक नियमाला स्वतःचे पान आणि स्वतःचा कायमचा पत्ता हवा, आणि त्या पत्त्यात नियमावलीचे नाव, वर्ष व नियमाचा क्रमांक असावा, म्हणजे वकिलाने अर्जात किंवा शेजाऱ्याने व्हॉट्सॲपवर तो दुवा दिला तर पाच वर्षांनीही तेच पान उघडेल. संकेतस्थळाची नवी आवृत्ती आली की जुने दुवे मोडतात, याची आपल्याला सवय झाली आहे. पण नियमांच्या दुव्यांवर कोणाचे तरी अर्ज आणि अपिले उभी असतात, म्हणून येथे ती सवय चालणार नाही. केंद्राच्या इंडिया कोड या संकेतस्थळावर अधिनियमांची कलमे सुटी उघडतात. ती पद्धत जवळून पाहावी.

शोधातून येणारा वाचक बहुधा थेट मधल्याच पानावर उतरतो, मुखपृष्ठ त्याने पाहिलेले नसते. त्याला ‘नियम १७’ दिसतो, परंतु तो ज्या प्रकरणात आहे ते प्रकरण फक्त व्यापारी इमारतींना लागू आहे की राहत्या घरांनाही, हे कळले नाही तर नियम वाचूनही त्याचा गैरसमजच होईल. यासाठी पानाच्या माथ्यावर नियमावली, भाग, प्रकरण आणि नियम अशी ओळ असावी, तिच्यातला प्रत्येक शब्द दाबता यावा, बाजूला उलगडत जाणारी अनुक्रमणिका असावी आणि तळाशी मागील व पुढील नियमाचे दुवे असावेत. अनुक्रमणिकेत नुसते क्रमांक देऊ नका. प्रत्येक क्रमांकापुढे नियमाचे शीर्षक लिहा.

वाचण्याचे पर्याय मात्र मोजकेच ठेवा. ‘एकच नियम’ आणि ‘पूर्ण प्रकरण’ हे दोन पुरेत. प्रकरण लहान असेल तर आरंभी पूर्ण प्रकरणच दाखवावे असे माझे मत आहे, कारण एका नियमात दिलेली सवलत दोन नियमांनंतरच्या परंतुकात, म्हणजे ‘परंतु’ने सुरू होणाऱ्या अपवादाच्या वाक्यात, काढून घेतलेली असते आणि सुटा नियम वाचणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. व्याख्यांचेही तसेच आहे. ‘भोगवटादार’ किंवा ‘इमारत’ या शब्दांचा अर्थ बहुधा नियम २ मध्ये दिलेला असतो आणि तो रोजच्या अर्थाहून वेगळा असू शकतो. शब्दावर बोट ठेवताच त्याची व्याख्या तेथेच उघडावी.

आता ज्या सोयीसाठी मी आग्रह धरीन, ती सांगतो. समोरचा मजकूर कोणत्या तारखेस अमलात असलेला आहे, हे प्रत्येक पानावर मजकुराच्या वर, ठळक अक्षरांत दिसले पाहिजे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० चे कलम ६६अ, म्हणजे आक्षेपार्ह ऑनलाइन संदेशांसाठी शिक्षा सांगणारे कलम, सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवले. त्यानंतरही त्या कलमाखाली गुन्हे नोंदवले जात राहिले आणि जुलै २०२१ मध्ये न्यायालयाला त्याबद्दल आश्चर्य व्यक्त करावे लागले. त्या वेळी महान्यायवादींनी सांगितले, की छापील अधिनियमात ते कलम तसेच दिसते आणि ते रद्द झाल्याची नोंद केवळ तळटीपेत असते. तळटीप कोठे छापावी हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो, पण त्यापायी माणसांवर खटले चालले. रद्द झालेला नियम पानावरून पुसू नका, परंतु ‘हा नियम आता अमलात नाही’ हे वाक्य मजकुराच्या आधी येऊ द्या. ते केवळ लाल रंगाने सुचवू नका, कारण तो रंग ओळखू न शकणारे आणि पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा पडदा-वाचक वापरणारे अंध वाचकही तेच पान वाचणार आहेत.

हे साधायचे तर दुरुस्त्या मूळ मजकुरात मिळवाव्या लागतील, आणि खरे कष्टाचे काम तेच आहे. दुरुस्तीच्या अधिसूचनेत ‘नियम ९ मधील “तीस दिवस” या मजकुराऐवजी “पंचेचाळीस दिवस” हा मजकूर दाखल करण्यात येईल’ एवढेच असते. ती स्वतंत्र फाइल म्हणून ठेवली तर मूळ नियम वाचणारा तीसच दिवस धरून चालेल. दुरुस्ती मिळवलेला मजकूर समोर ठेवा, बदललेल्या शब्दांशेजारी अधिसूचनेची तारीख द्या आणि राजपत्रातील मूळ पानाचा दुवा जोडा. आपला मजकूर वाचकाच्या सोयीसाठी आहे आणि वाद उद्भवल्यास राजपत्रातील मजकूर प्रमाण मानावा, हेही त्याच पानावर लिहा. दुरुस्त्या मूळ मजकुरात मिळवण्याचे काम आपल्या माणसांनी केले तरी ते तपासून त्यावर सही संस्थेच्या विधी शाखेनेच केली पाहिजे. ही अट करारातच घाला.

शोधाबद्दल थोडे. स्कॅन केलेल्या फाइलींत आणि युनिकोड (सर्व संगणकांवर सारखीच ओळखली जाणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या जुन्या फॉन्टमधील मजकुरात शोधाची चौकट आंधळी असते, त्यामुळे आधी मजकूर युनिकोडमध्ये उतरवून घ्यावा लागेल. इंग्रजी कलमांच्या क्रमांकातले ‘ए’ हे अक्षर कोठे ‘अ’ तर कोठे ‘क’ असे लिहिले जाते. आकडेही तीन लिप्यांत येतात. वाचकाने कोणत्याही रूपात लिहिले तरी नियम सापडला पाहिजे. आपल्या शहरात घरी ‘घरपट्टी’ म्हणणारा माणूस कचेरीत ‘वेरो’ म्हणतो आणि नियमात ‘मिलकत वेरो’ किंवा ‘प्रॉपर्टी टॅक्स’ असते, तेव्हा समानार्थी शब्दांची यादी शोधामागे ठेवणे अगत्याचे आहे. बडोदे संस्थानाने १९३१ मध्ये ‘श्री सयाजी शासन शब्दकल्पतरू’ हा राज्यकारभारातील शब्दांचा बहुभाषी कोश काढला तो याच गरजेतून, असे मी मानतो. दोन भाषांतला मजकूर शेजारी-शेजारी दाखवण्याची सोयही द्यावी. युरोपीय संघाच्या युर-लेक्स या संकेतस्थळावर एकाच कायद्याच्या तीन भाषांपर्यंतच्या प्रती अशा एकत्र पाहता येतात.

संस्थेने खर्चाचे कारण पुढे केले तर माहिती अधिकार अधिनियम, २००५ चे कलम ४ दाखवा. नियम, विनियम आणि नियमपुस्तिका आपणहून प्रसिद्ध करणे त्याने बंधनकारक केले आहे, आणि ते करताना स्थानिक भाषा व माहिती पोहोचवण्याचा सर्वांत परिणामकारक मार्ग विचारात घ्यावा, असेही त्यात म्हटले आहे.

प्रश्न : मी गुजरात शासनाच्या सेवेतून निवृत्त झालो. माझ्या सेवेतील १९९० च्या दशकातील एका रजेबाबत वाद आहे, परंतु त्या वेळचा नियम मला संकेतस्थळावर सापडत नाही. जुने नियम ठेवल्याने लोकांचा गोंधळ वाढतो, असे मला एका कचेरीत सांगण्यात आले. हे बरोबर आहे का?
— एक सेवानिवृत्त वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : बरोबर नाही. आपल्या त्या काळातील सेवेला मुंबई नागरी सेवा नियम, १९५९ लागू होते; गुजरात नागरी सेवा नियम त्यानंतर, २००२ मध्ये आले. नवा नियम आला म्हणून जुन्या नियमाखाली मिळालेला हक्क आपोआप संपत नाही, हे तत्त्व केंद्राच्या सर्वसाधारण खंड अधिनियम, १८९७ च्या कलम ६ मध्ये आहे. त्यामुळे जुना मजकूर हाताशी असणे ही आपली हक्काची गरज आहे.

गोंधळ होतो तो जुने आणि नवे सारख्याच अक्षरांत, एकाच यादीत मांडल्यामुळे. ब्रिटनच्या लेजिस्लेशन डॉट गव्ह डॉट यूके या संकेतस्थळावर मूळ आणि सुधारित मजकूर वेगवेगळे निवडता येतात व बदलांची कालरेषा दिसते. अमेरिकेच्या केंद्रीय नियमांचा संग्रह असलेल्या ई-सीएफआर या संकेतस्थळावर २०१७ पासूनची कोणतीही तारीख निवडली की त्या दिवशी अमलात असलेला मजकूर उघडतो आणि दोन तारखांची तुलनाही करता येते. पान उघडताच आजचा नियम दिसावा, तारीख बदलली की त्या दिवसाचा दिसावा, आणि आपण जुना मजकूर वाचत आहोत ही सूचना वाचकाच्या डोळ्यांसमोरून हलू नये. तोवर आपण १९५९ च्या नियमांची त्या काळातील दुरुस्त्यांसह प्रत माहिती अधिकाराखाली लेखी अर्ज करून मागावी, आणि अर्जात ज्या तारखेचा मजकूर हवा ती तारीख स्पष्ट लिहावी.

प्रश्न : मोबाइलवर नियमांतील तक्ते वाचताच येत नाहीत. छापून घ्यावे तर अर्धा तक्ता कापला जातो. यावर उपाय काय?
— एक वाचक, वडोदरा

उत्तर : तक्ता चित्र म्हणून न टाकता खराखुरा तक्ता म्हणून टाकला, तर लहान पडद्यावर प्रत्येक ओळ तिच्या शीर्षकांसह एकाखाली एक मांडता येते. छपाईसाठी निराळी मांडणी द्यावी. तीत बाजूची अनुक्रमणिका आणि चित्रे गळून जावीत, मात्र पानाचा पत्ता, नियमावलीचे नाव आणि मजकुराची तारीख प्रत्येक कागदाच्या तळाशी उमटावी, कारण तो कागद पुढे कोणत्या तरी अर्जाला जोडला जातो.