सरांवर स्मृतिलेख लिहिणाऱ्या विद्यार्थ्यास

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. महाविद्यालयात इतिहास आणि तालमीत कुस्ती शिकवणाऱ्या आपल्या सरांच्या वर्षश्राद्धाला निघणाऱ्या स्मरणिकेतला मुख्य लेख तुझ्याकडे आला, ही निवड योग्यच झाली. तुला लिहिता येईल का, या शंकेवर मी शाई खर्च करणार नाही. तुझी अडचण मात्र खरी आहे. तालमीतले जुने मल्ल शपथेवर सांगतात की सरांनी उमेदीच्या काळात एका हिंदकेसरीला अस्मान दाखवले होते. इतिहास विभागातली मंडळी म्हणतात की कुस्ती हा त्यांचा छंद, खरा पिंड संशोधकाचा. घरच्यांचे म्हणणे तिसरेच आहे. या सगळ्यांना न दुखावता लेख कसा पुरा करावा, असे तू विचारतोस. ज्या एका प्रश्नाने सरांनी तीन दशके वर्गातल्या आणि कुस्तीच्या हौद्यातल्या पोरांना घाम फोडला, तोच प्रश्न तू या प्रत्येकाला विचार: कशावरून?

सभासदाची बखर, म्हणजे शिवाजी महाराजांचे जुने चरित्र, शिकवताना ते आधी तिचे ठिकाण सांगत. ती शिवाजी महाराजांच्या पश्चात, जिंजीत, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिली गेली. तेव्हा यातले लेखकाने डोळ्यांनी पाहिलेले किती आणि कानांनी ऐकलेले किती, हे वाक्यावाक्याला तपासा, असा त्यांचा आग्रह असे. बखरीचा त्यांना तिटकारा नव्हता, उलट तिच्या भाषेवर जीव होता. पण समकालीन पत्र आणि बखर समोरासमोर आली की ते पत्राच्या बाजूने उभे राहत. हौद्यातही हेच चाले. हरलेला पोरगा म्हणे, ‘सर, पाय घसरला.’ सर विचारत, ‘कशावरून?’ मग त्याच जोडीला पुन्हा त्याच पकडीत उभे करून पट, म्हणजे पाय ओढून पाडण्याचा डाव, कुठे निघाला, वजन कोणत्या पायावर होते, मान कधी उचलली, हे सर्वांदेखत उलगडले जाई. म्हणून ते आधी वस्ताद की आधी इतिहासाचे प्राध्यापक, हा वाद तू लेखात आणूच नकोस. मी ते दोन्ही ठिकाणी पाहिले आहेत. पहाटेची तालीम आणि सकाळचा तास यांत मला कधी फरक दिसला नाही.

खाशाबा जाधवांविषयी ते कसे बोलत, आठवते का? १९५२ साली हेलसिंकीत कुस्तीच्या बँटमवेट या हलक्या वजनाच्या गटात मिळालेले कांस्यपदक हे ‘स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक’ आहे. त्यातला ‘स्वतंत्र’ हा शब्द एखाद्या पोराने गाळला, की सर त्याला थांबवत. कारण १९०० सालच्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नॉर्मन प्रिचर्ड यांनी मिळवलेली दोन रौप्यपदके भारताच्या नावावर मोजली जातात. एक शब्द गळला की वाक्य खोटे होते, आणि खोट्या वाक्यावर खाशाबांचा मोठेपणा उभा करण्याची गरजच नाही. पदक घेऊन परतलेल्या खाशाबांच्या मिरवणुकीतल्या बैलगाड्या कोणी १०१ सांगतो, कोणी १५१. तो आकडा सर कधी सांगत नसत. ते सांगत की १९४८ साली लंडनला खाशाबा सहावे आले होते, आणि हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे कमी पडले तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. परतल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने भरवून ते कर्ज फेडले. हे सांगताना सरांचा आवाज जड होई. तालमीतल्या पोरांना बैलगाड्यांपेक्षा ते गहाणखत अधिक कळे, असा माझा अनुभव आहे.

तू म्हणशील, दुखवट्याच्या लेखात एवढी चिकित्सा कशाला. हा प्रश्न मला नवा नाही. फार वर्षांपूर्वी एका ज्येष्ठ सहकाऱ्याच्या गौरवग्रंथात, त्यांनी न मिळवलेला किताब त्यांच्या नावापुढे लावण्याचा आग्रह झाला आणि मी लेख परत मागून घेतला. त्या घरचे लोक माझ्याशी बोलेनासे झाले. त्यांच्या पत्नी गेल्या तेव्हा मला कोणी कळवलेदेखील नाही. ती खंत अजून जात नाही. तरीही तो किताब मी आजही लिहिणार नाही, कारण त्या माणसाने गावोगावच्या यात्रांतून शेतकऱ्यांची मुले हेरून त्यांना महाविद्यालयात आणले होते, फीचे हप्ते स्वतः भरले होते, आणि त्या ग्रंथात याबद्दल एक परिच्छेदही नव्हता. सगळी जागा न मिळालेल्या किताबाने खाल्ली. मला हट्टी म्हणणारे म्हणोत. कुणाचा अपमान व्हावा म्हणून मी अडून बसलो नव्हतो.

तेव्हा हिंदकेसरीची गोष्ट सांगणाऱ्याला विचार: कशावरून? मैदान कुठले, साल कोणते, पंच कोण? जुन्या मैदानांची छापील पत्रके कुणाकुणाच्या ट्रंकेत सापडतील. पण ध्यानात ठेव की त्यांवर नेमलेल्या जोड्या आणि इनामाच्या रकमा असतात, निकाल नसतो. पत्रकात नाव दिसले म्हणजे कुस्ती झाली असेही नाही, आणि झालेली कुस्ती निकालीच झाली की बरोबरीत सोडवली, हे तर त्यावरून मुळीच कळत नाही. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा मॅटवर होत, वजने नोंदवून आणि गुण मांडून. तिथले कागद जास्त बोलतील. महाविद्यालयाचे वार्षिक अंक पाहा. संघाच्या छायाचित्राखालची नावे उतरवून घे आणि त्या मुलांना एकेकटे गाठ. घोळक्यात विचारलेस तर सगळे मिळून एकच गोष्ट सांगतील आणि ती प्रत्येक वेळी थोडी वाढलेली असेल. गोष्ट सिद्ध झाली तर ठळकपणे लिही, मला आनंदच होईल. न झाल्यास ‘असे तालमीत सांगितले जाते’ एवढे लिहून पुढे जा.

आणि कृपा करून ‘क्रीडामहर्षी’, ‘ज्ञानतपस्वी’ असले काही लिहू नकोस. तुझ्या पत्रातच ते दोन्ही शब्द आले आहेत आणि मला ते वाचून राग आला. मॅट नवी आली तेव्हा लाल मातीत वाढलेल्या या माणसाने पन्नाशीत नियमपुस्तक हाती घेऊन गुणांची पद्धत मुळापासून शिकली. ढाक आणि कलाजंग या डावांवर हात बसलेल्या पोरांना पायांच्या हल्ल्यापासून बचाव शिकवण्यासाठी स्वतः खाली वाकून उभे राहिले. हे मी पाहिले आहे. हे लिही, माझे नाव साक्षीदार म्हणून घाल, आणि मलाही विचार की कशावरून. तुला ते वर्ष ठरवता येईल असा मॅटच्या खरेदीचा कागद क्रीडा विभागात असायला हवा.

जुनी इमारत रिकामी होते आहे असे कानावर आले. हजेरीपुस्तके आणि साहित्याच्या नोंदवह्या रद्दीत जाण्याआधी या सोमवारीच ग्रंथपालांना भेट, लेखी परवानगी घे आणि पानांची छायाचित्रे काढून ठेव. मसुदा पाठवशील तेव्हा प्रत्येक विधानासमोर समासात त्याचा आधार लिहून पाठव. आधार नसलेले वाक्य मी खोडेन, ते सरांविषयी कितीही गोड असले तरी.

तुझा,
सरांचा एक जुना सहकारी