इंजिन खोलण्याआधी: जुन्या ट्रकवाल्यांचे प्रश्न

गळीत हंगाम तोंडावर आला की जुन्या गाड्यांचे प्रश्न एकदम वाढतात. पावसाळाभर गाडी जेमतेम फिरलेली असते, आता ती उसाला लावायची असते आणि मिस्त्रीने "इंजिन खोलावं लागेल" असं सांगून ठेवलेलं असतं. खोलायचं की नाही, याच प्रश्नाभोवती बहुतेक पत्रं फिरतात, म्हणून निवडक प्रश्नांना इथे एकत्र उत्तरं देतो. गाडी मी पाहिलेली नाही, हे ध्यानात ठेवून ती वाचा. तपासायला कुठून सुरुवात करायची ते लिहून सांगता येतं, निदान मात्र गाडीसमोर उभं राहूनच होतं.

प्रश्न: टाटा 407, वीस वर्षं जुनी. सकाळी पहिल्या स्टार्टला पांढरा धूर येतो, इंजिन मिसिंग मारतं. दहा मिनिटांनी सगळं ठीक होतं. मिस्त्री हाफ काम (इंजिन अर्धं खोलून दुरुस्ती) करायला सांगतो. करावं का? (वाळवा)

एवढ्यावरून नाही. आधी धुराचा वास घ्या. डोळे झोंबले आणि कच्च्या डिझेलचा वास आला तर ते न जळलेलं डिझेल आहे. वास गोडसर असेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केटचा किंवा हेडला तडा गेल्याचा संशय घ्यावा लागतो, आणि मग थांबू नका.

डिझेलचा वास असेल तर क्रम असा ठेवा: टॅपेट (वॉल्व्हची फट) थंड इंजिनावर फीलर गेजने तपासा, नोझल (सिलेंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) उतरवून टेस्टरवर फवारा बघा, आणि त्यानंतर चारही सिलेंडरचं कॉम्प्रेशन मोजा. टपकणारं एखादं नोझल सकाळी हुबेहूब असाच त्रास देतं. कोणता सिलेंडर काम करत नाही ते शोधायला जुने मिस्त्री आयडलवर एकेका नोझलच्या पाइपाचा नट ढिला करतात. ज्याने आवाज बदलत नाही, तो सिलेंडर मेलेला. नोझलला डिझेल पुरवणारा पंप मेकॅनिकल, म्हणजे संगणकाविना चालणारा असेल, तर जाणत्या माणसाने हे करायला हरकत नाही. कॉमन रेल गाडीवर, म्हणजे संगणकावर डिझेल सोडणाऱ्या नव्या गाडीवर, चुकूनही करू नका, तिथला दाब एक हजार बारच्या पुढे जातो आणि ती धार कातडीत शिरते. एका सिलेंडरचं कॉम्प्रेशन बाकीच्यांपेक्षा स्पष्ट खाली दिसलं, तरच हेड उतरवण्याचं बोलणं करा. आकडे कागदावर लिहून घ्या.

प्रश्न: डिझेलच्या पाइपावर बसवायचं मॅग्नेट घेतलं तर अॅव्हरेज वाढतं का? (जालना)

नाही. ते पैसे एअर फिल्टरवर घाला.

प्रश्न: टाटाचा टर्बो 1613 ट्रक, मेकॅनिकल पंप. चढाला पिकअप राहिलं नाही. पंपवाला म्हणतो, पंपाच्या स्क्रूवरचं कंपनीचं सील तोडून डिझेल थोडं वाढवून देतो, गाडी उडेल. बाकीच्या उसाच्या गाड्यांचेही पंप वाढवलेलेच आहेत. (माळशिरस)

हा प्रश्न दर वर्षी येतो, आणि दर वर्षी तो पंप वाढवून झाल्यावर येतो. तुम्ही आधी विचारलंत, म्हणून सविस्तर सांगतो.

एक किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. डिझेल इंजिनात प्रत्यक्षात याहून बरीच जास्त हवा असावी लागते, कारण डिझेल शेवटच्या क्षणी आत येतं आणि हवेत मिसळायला त्याला वेळच मिळत नाही. 2400 आरपीएमला पिस्टन वरून खाली यायला सेकंदाचा ऐंशीवा भाग लागतो. कंपनी पंपावर जी मर्यादा बांधून देते, ती या हिशेबाने. स्क्रू फिरवून तुम्ही डिझेल वाढवता, हवा तेवढीच राहते. सुरुवातीला ताकद वाढल्यासारखी वाटते, ते खरं आहे. पण तुमच्या गाडीचं पिकअप आधी होतं आणि आता गेलं. म्हणजे कुठेतरी काहीतरी बिघडलं आहे. तो बिघाड तसाच ठेवून वरून डिझेल ओतलं, तर हवा आधीच कमी पडत असलेल्या इंजिनाला आणखी गुदमरवणं होतं.

पुढे काय होतं तेही सांगतो. काळा धूर म्हणजे न जळलेला कार्बन. तो रिंगांच्या खाचांत बसतो आणि रिंगा अडकतात. न जळलेलं डिझेल लाइनरवरचं (सिलेंडरच्या आतल्या भिंतीवरचं) ऑइल धुऊन खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं, आणि त्याचा मार बेअरिंगवर बसतो. लोड घेऊन लांब चढ चढताना एक्झॉस्टचं तापमान वाढतं, ते टर्बोला आणि पिस्टनच्या डोक्याला सोसत नाही. पिस्टन वितळून भोक पडलेलं इंजिन गॅरेजात आलं की मालक ऑइलच्या कंपनीला दोष देतो. पंपाचं सील तुटलेलं आहे का, हे मी त्याआधी पाहतो.

तुम्ही आधी काय पाहावं? गाडी बंद ठेवून एका माणसाला अॅक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगा आणि पंपावरचा लिव्हर शेवटच्या स्टॉपला टेकतो का ते डोळ्यांनी बघा. झिजलेल्या जोडांमुळे तो अलीकडेच थांबलेला मी कितीतरी गाड्यांवर पाहिला आहे, आणि तेवढ्यासाठी पंप उतरवलेलेही पाहिले आहेत. मग एअर फिल्टर. मग टर्बोपासून मॅनिफोल्डपर्यंतचे होस, त्यांच्या क्लिपा, इंटरकूलर असेल तर तोही. हवा गळत असेल तिथे काळपट तेलकट डाग दिसतो. काही टर्बो गाड्यांच्या पंपावर बूस्टच्या, म्हणजे टर्बोच्या हवेच्या, दाबाने चालणारा डायफ्राम असतो. तो फाटला किंवा त्याची बारीक नळी तुटली, तर पंप पूर्ण डिझेल देतच नाही. डिझेल फिल्टर, फीड पंपाची जाळी, टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक. एक्झॉस्ट ब्रेकचा पडदा अर्धवट बंद अडकला आहे का? चाकाचा ब्रेक धरून राहतो का? पन्नास किलोमीटर चालवून हबला लांबूनच हात नेऊन बघा, एखादा जास्त तापलेला कळतोच. क्लच सरकत असेल तर आरपीएम वाढतात आणि गाडी वाढत नाही. त्याचाही दोष लोक पंपावर टाकतात.

हे सगळं ठीक निघालं, तरच पंप उतरवा आणि कॅलिब्रेशनच्या बेंचवर बसवा. तिथे ठरलेल्या आरपीएमला प्रत्येक एलिमेंट (पंपातला एकेका सिलेंडरला डिझेल देणारा भाग) हजार स्ट्रोकमध्ये किती डिझेल देतो ते मोजतात आणि कंपनीच्या चार्टशी जुळवतात. चार्टचा कागद मागून घ्या. कानाने पंप सेट करणाऱ्याकडे जाऊ नका, त्याचा हात कितीही चांगला म्हणत असले तरी. सहा एलिमेंट सारखं देत आहेत की नाही, हे कानाला कळत नाही. एलिमेंटचा प्लंजर (दट्ट्या) आणि बॅरल (त्याची नळी) यांच्यात फट असते दोन-चार मायक्रॉनची, आणि ते जोडीनेच घडवलेले असतात. एकाचा प्लंजर दुसऱ्याच्या बॅरलमध्ये घालून पंप जोडणारे लोक आहेत, म्हणून पंप खोलताना शक्य असेल तर समोर उभे राहा.

आणखी एक चाल. पीयूसीच्या दिवशी पंप कमी करायचा, दाखला मिळाला की पुन्हा वाढवायचा. बीएस-4 च्या आधीच्या डिझेल गाडीला धुराची मर्यादा 65 एचएसयू (धूर मोजायचं एकक) आहे. ठाकठीक असलेलं जुनं इंजिन त्यात सहज बसतं. बसत नसेल तर पंप, नोझल किंवा हवा, यांपैकी काहीतरी बिघडलेलं आहे, आणि दोनशे-चारशे रुपये देऊन ते झाकणारा माणूस तुमचं डिझेल रोज धुरातून घालवतो आहे. बाकीच्या गाड्यांचे पंप वाढवलेले आहेत म्हणता, तर हंगाम संपल्यावर त्यांचं इंजिनाचं बिल किती आलं, तेही एकदा विचारा.

प्रश्न: गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकला. आता काटा खालीच राहतो. म्हणजे काम झालं ना? (सोलापूर)

नाही, दुखणं झाकलं. थर्मोस्टॅट, म्हणजे रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप, साधारण 80 अंशांच्या आसपास उघडायला लागतो. तो नसेल तर इंजिन तापमानाला येतच नाही, थंड लाइनरवर डिझेल नीट जळत नाही, गाळ होतो आणि रिंगा लवकर झिजतात. वर काही इंजिनांत पाण्याला आतल्याआत फिरायला बायपासची वाट असते. थर्मोस्टॅट काढला की ती कायम उघडी राहते, गरम पाणी रेडिएटरला न जाता परत इंजिनात येतं, आणि नेमकं घाटात लोडवर अशी गाडी आणखी तापते.

तुमच्याकडच्या बोअरच्या पाण्याने रेडिएटरच्या नळ्यांत क्षार धरलेला असण्याची शक्यता मला जास्त वाटते. रेडिएटर उतरवून रॉडिंग (नळ्यांतून सळी घालून सफाई) करून घ्या, बाहेरच्या पात्यांतली माती आतल्या बाजूने पाण्याने काढा, फॅन बेल्टचा ताण आणि रेडिएटर कॅप तपासा. मग नवा थर्मोस्टॅट बसवा आणि कूलंट भरा, बोअरचं पाणी नको. एवढं करूनही तापली, तर हेड गॅस्केटमधून कॉम्प्रेशन पाण्यात जातं का याची तपासणी जाणकाराकडून करून घ्या. गरम असताना कॅप उघडू नका.

प्रश्न: बीएस-6 डिझेलने जुने पंप खराब होतात, म्हणून टाकीत टू-टी (टू-स्ट्रोक गाडीचं) ऑइल घालायला सांगतात. खरं आहे का? (मालेगाव)

1 एप्रिल 2020 पासून देशभर 10 पीपीएम (दहा लाख भागांत दहा भाग) सल्फरचं डिझेल मिळतं, बीएस-3 च्या काळात ते 350 होतं. सल्फर काढताना डिझेलचा वंगणाचा गुण कमी होतो, एवढाच त्या अफवेतला खरा भाग. तो भरून काढायला रिफायनरीतच अॅडिटिव्ह घालतात, आणि वंगणाची किमान पातळी आपल्या मानकात ठरवलेली आहे. टू-टीची गरज नाही. जुन्या पंपाचे रबरी सील गळायला लागले असतील तर सील बदला.

पंप खरे मरतात ते हायवेच्या कडेला टँकरमधून मिळणाऱ्या स्वस्त "बायोडिझेल"ने आणि रॉकेलच्या भेसळीने. या पंपाच्या एलिमेंटला वंगण डिझेलचंच. त्यात काय मिसळलं आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. लिटरमागे वाचलेले रुपये एका कॅलिब्रेशनमध्ये परत जातात. पक्कं बिल देणाऱ्या पेट्रोल पंपावरच डिझेल भरा.

प्रश्न: ऑइलची पातळी न भरताच वाढली आहे. हंगाम अर्ध्यात आहे, पंधरा दिवस चालवली तर चालेल? (फलटण)

एक दिवसही नाही. आत डिझेल किंवा पाणी उतरतं आहे. गाडी स्टार्ट करू नका, ओढून न्या. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी, पातळ होऊन डिझेलचा वास आला तर फीड पंप, इंजेक्शन पंप किंवा नोझल. पंधरा दिवसांचं भाडं मिळवायला जाल आणि क्रँक घालवून बसाल.

प्रश्न: खंबाटकीला उतरताना न्यूट्रल केलं तर डिझेल वाचतं, असं सगळे ड्रायव्हर म्हणतात. (कराड)

सगळे चुकीचं म्हणतात. गाडी गियरमध्ये असेल आणि पाय अॅक्सिलरेटरवरून काढलेला असेल, तर पंपातला गव्हर्नर (वेग सांभाळणारा भाग) डिझेलचं माप ठरवणारा रॅक मागे ओढतो आणि डिझेल बंद होतं. न्यूट्रलमध्ये इंजिनाला आयडलवर चालू राहायला डिझेल लागतंच. म्हणजे न्यूट्रलनेच ते जास्त जळतं. शिवाय इंजिनाचा अडसर गेल्यामुळे सगळं वजन ब्रेकवर येतं, लायनर तापून ब्रेक धरत नाहीत, आणि एअर ब्रेकचा कॉम्प्रेसर आयडलवर पुरेशी हवा भरत नाही. ज्या गियरने घाट चढलात त्याच गियरने उतरा. तुमचा ड्रायव्हर ऐकत नसेल, तर त्याच्या हाती घाटात गाडी देऊ नका.

प्रश्न: आमचा जुना मिस्त्री वारला. नवा कसा शोधावा? प्रत्येक जण पहिल्याचं काम वाईट म्हणतो. (नांदुरा)

ट्रान्सपोर्ट नगरात गॅरेज खूप असतात, पण पाटी बघून जाऊ नका. तुमच्याच मॉडेलच्या गाड्या ज्याच्या दारात उभ्या आहेत, त्याच्याकडे जा आणि त्या गाड्यांच्या मालकांशी बोला. टाटाच्या 697 इंजिनाचं काम पिढ्यान् पिढ्या करणारा माणूस लेलँडच्या हिनो इंजिनालाही तेवढाच सरावलेला असेल असं नाही.

पहिल्या भेटीत इंजिनाचं काम देऊ नका. टॅपेट किंवा नोझलचं काम द्या आणि बघत राहा. डिझेलचा पाइप उघडण्याआधी तो भोवतालची माती पुसतो का? उघड्या तोंडांना टोप्या लावतो का? धूर कधी येतो, गार असताना की लोडवर, ऑइल किती लागतं, असं विचारतो, की बॉनेट उघडताच पान्याला हात घालतो? हेडचे बोल्ट मधून बाहेर अशा क्रमाने, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचने आवळतो का? "हाताला अंदाज आहे" म्हणणाऱ्याच्या हेड गॅस्केटा पुन्हा पुन्हा जातात. क्रँक मायक्रोमीटरने न मोजता बेअरिंग मागवणाऱ्याकडून गाडी परत घ्या. बदललेला प्रत्येक जुना पार्ट तुमच्या ताब्यात यायला हवा. स्पेअर पार्ट आपल्याच ओळखीच्या दुकानातून घ्या असा आग्रह धरणाऱ्याला सरळ सांगा, की पक्कं बिल आणि पार्टचं सीलबंद पाकीट तुम्हाला लागेल. नोझल आणि बेअरिंग यांत नकली माल सर्रास येतो.

लेथचं काम मिस्त्रीचं नव्हे, त्याला चांगलं मशीन शॉप लागतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या ठिकाणी अशी हुन्नरी माणसं अजून आहेत. मोठं काम असेल तर तिथवर ब्लॉक पाठवण्याचा खर्च सोसण्यासारखा आहे. आणि खोलण्याआधी दुसऱ्या एका मिस्त्रीचं मत घ्या, कॉम्प्रेशनचे आकडे दोघांनाही दाखवून.

प्रश्न: ब्लॉक फुटला. भंगार बाजारातून त्याच मॉडेलचं इंजिन आणून बसवलं तर चालतं का? (चाळीसगाव)

आरटीओच्या मंजुरीशिवाय आणि आरसी बुकावर नव्या इंजिनाचा नंबर चढल्याशिवाय नाही. नंबर खोडलेला किंवा पुन्हा ठोकलेला दिसला तर ते इंजिन घेऊच नका, ते चोरीच्या गाडीचं असू शकतं. विकणाऱ्याकडून मूळ गाडीची कागदपत्रं आणि बिल घ्या, मंजुरीसाठी काय काय लागेल ते आरटीओत जाऊन विचारा, विम्याच्या कंपनीलाही लेखी कळवा. पैसे त्यानंतर द्या.