जीएन आणि जीसी : हंताव्हायरसचे काटे नेमके करतात काय?

प्रश्न : आमच्या पाठ्यपुस्तकात हंताव्हायरसच्या पृष्ठभागावरची प्रथिने ‘जी१’ आणि ‘जी२’ अशी दिली आहेत. नव्या लेखांत ‘जीएन’ आणि ‘जीसी’ वाचायला मिळतात. ही प्रथिने दोन की चार? आणि त्यांचे काम काय?
— बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, महाल

उत्तर : दोनच. हंताव्हायरस म्हणजे मुख्यतः उंदरांकडून माणसात येणारे विषाणू; त्यांच्या अंगावर काट्यांसारखी उभी असतात ती हीच दोन प्रथिने. जुने जी१ म्हणजे आजचे जीएन आणि जी२ म्हणजे जीसी. उत्तरपत्रिकेत नवी नावेच लिहा, कारण त्यांतून जागाही कळते : दोन्ही ज्यातून कापून निघतात त्या अखंड साखळीच्या सुरुवातीच्या, अमिनो टोकाकडचा भाग जीएन, शेवटच्या, कार्बोक्सिल टोकाकडचा जीसी.

या विषाणूचा आरएनए तीन तुकड्यांत असतो. लहान तुकड्यावर आरएनएला गुंडाळणाऱ्या न्यूक्लिओप्रोटीनची माहिती, मोठ्यावर आरएनएच्या प्रती काढणाऱ्या पॉलिमरेझची आणि मधल्या ‘एम’ तुकड्यावर काट्यांची. एम तुकड्यावरून आधी एकच लांब साखळी तयार होते. हंतान विषाणूत ती ११३५ अमिनो आम्लांची असते. पेशीतल्या प्रथिने घडवणाऱ्या जाळीत, म्हणजे एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये, ती कापली जाते आणि कापण्याची जागा ठरलेली आहे : ट्रिप्टोफॅन, अ‍ॅलानिन, अ‍ॅलानिन, सेरिन, अ‍ॅलानिन या पाचांच्या लगेच पुढे. इथे बरेच विद्यार्थी चुकतात. कोरोनाच्या स्पाइकबद्दल इतके वाचलेले असते, की ‘फ्युरिन कापते’ (कोरोनाचा स्पाइक कापणारे विकर) असे लिहून मोकळे होतात. इथे कापणारे विकर म्हणजे आपल्याच पेशीतले सिग्नल पेप्टिडेझ.

कापल्यावर सुमारे ७० किलोडाल्टनचे जीएन आणि सुमारे ५५ किलोडाल्टनचे जीसी हाती येतात, पण ते एकमेकांना सोडत नाहीत. अशा चार जोड्या मिळून एक काटा होतो. वरून पाहिला तर तो चौकोनी दिसतो आणि शेजारच्या काट्याला कडेने चिकटून विषाणूच्या अंगावर जाळी विणतो. फ्लूच्या विषाणूत आवरणाच्या आतून अस्तर लावणारे मॅट्रिक्स प्रथिन असते; हंताव्हायरसमध्ये ते नाही. आतल्या आरएनएच्या गुंडाळीला धरण्याचे काम जीएनचे शेपूट करते, म्हणून ते शंभराहून अधिक अमिनो आम्लांइतके लांब आहे. जीसीचे शेपूट अगदी आखूड.

आता मुख्य काम. सुरी आणि म्यान डोळ्यांपुढे आणा. जीसी ही सुरी. तिच्या टोकाला पाण्यापासून दूर पळणारे, मेदात घुसणारे लूप आहेत. हे टोक उघडे राहिले तर ते भलतीकडेच चिकटेल, म्हणून जीएन त्यावर म्यानासारखे बसलेले असते. विषाणू पेशीला चिकटतो, पेशी त्याला एंडोसोमच्या पिशवीत ओढून घेते, पिशवीतला पीएच ६ च्या आसपास उतरतो आणि म्यान निघते. जीसीचे टोक पिशवीच्या पटलात रुतते, तीन जीसी एकत्र येतात, कमरेत वाकून दुमडतात आणि दोन्ही पटलांना एकमेकांवर ओढतात. पटले एकजीव झाली की आरएनए आत. डेंगीच्या ‘ई’ प्रथिनाची घडणही याच जातीची, पटले जोडणाऱ्या प्रथिनांच्या दुसऱ्या वर्गाची. ही घडी एकदाच पडते, उलगडत नाही. पेशीबाहेरच आम्ल लागून ती पडली, तर तो विषाणू वाया गेला.

पेशीला चिकटण्याबद्दल एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. अमेरिका खंडातल्या सिन नॉम्ब्रे, अँडीज या विषाणूंना प्रोटोकॅडहेरिन-१ हे ग्राही, म्हणजे विषाणू ज्याला धरतो ते पेशीवरचे प्रथिन, लागते, हे २०१८ मध्ये दाखवले गेले. हंतान आणि सोल विषाणूंना ते लागत नाही. ‘हंताव्हायरसचा ग्राही’ असे एकाच नावाचे उत्तर म्हणूनच अपुरे ठरते.

प्रकल्प करणार असाल तर जीएन आणि जीसी वेगवेगळी बनवण्याच्या फंदात पडू नका. एकटी पडली की ती बहुधा नीट घडी घेत नाहीत आणि एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्येच अडकतात. अखंड साखळीचेच जनुक घ्यावे लागते.

प्रश्न : आमच्याकडे रात्री चिचुंद्र्या फिरतात. त्यांच्यात हा विषाणू असतो का? लस आहे का?
— गृहिणी, इतवारी

उत्तर : चिचुंद्री म्हणजे उंदीर नव्हे, तरीही तिचा स्वतःचा हंताव्हायरस आहे. १९६४ मध्ये वेल्लोरला चिचुंद्रीपासून थोट्टापालयम विषाणू वेगळा केला गेला. कोरियातला हंतान त्यानंतरचा, १९७६ चा. तो हंताव्हायरस म्हणून ओळखला गेल्यावर आपल्याकडच्या विषाणूचे खरे गोत्र कळले. थोट्टापालयममुळे माणसाला आजार होतो असे सिद्ध झालेले नाही. घाबरू नका, पण चिचुंद्रीला हाताने उचलूही नका.

भारतात लस उपलब्ध नाही. दक्षिण कोरियात १९९० पासून मारलेल्या विषाणूची लस आहे. लशीकडून अपेक्षा असते ती जीएन-जीसीला पकडणाऱ्या प्रतिपिंडांची. काही प्रतिपिंडे तर दोन्ही प्रथिनांना एकदम धरतात; मग म्यान निघतच नाही.

प्रश्न : मार्चमध्ये कुलर माळ्यावरून काढला की आत उंदरांच्या लेंड्या आणि कुरतडलेल्या ताट्या सापडतात. झटकून, पाणी भरून लगेच चालू करतो. हे बरोबर आहे का?
— वाचक, मानेवाडा

उत्तर : अजिबात नाही. वाळलेल्या लेंड्यांची आणि लघवीची धूळ श्वासातून आत जाणे हाच हंताव्हायरसचा मुख्य मार्ग आहे, आणि कुलरचा पंखा ती धूळ थेट तोंडावर फेकतो. नागपुरात उंदरांमुळे जास्त भीती लेप्टोस्पायरोसिसची, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या जिवाणूच्या आजाराची, हे खरे. खालची साफसफाई दोन्हींसाठी चालते.

कुलर गच्चीत किंवा अंगणात न्या. माळ्याच्या खोलीची दारे-खिडक्या उघडून अर्धा तास बाहेर थांबा. रबरी हातमोजे आणि एन-९५ मास्क घाला. १०० मिलिलिटर घरगुती ब्लीच ९०० मिलिलिटर पाण्यात मिसळा. हे द्रावण रोज ताजे करा. विदर्भातल्या उन्हाळ्यात उरलेल्या बाटलीतला क्लोरीन लवकर उडतो. जोराचा फवारा मारू नका, त्यानेच धूळ उठते. हळूहळू ओतून लेंड्या पूर्ण भिजवा आणि निदान पाच मिनिटे तशाच ठेवा. घाण जाड असेल तर पुन्हा ओता, कारण क्लोरीन घाणीतच खर्ची पडतो. मग कागदाने टिपून दोन पिशव्यांत बांधा. वाळ्याच्या किंवा लाकडी भुशाच्या ताट्या धुऊन परत लावू नका, भिजवून फेकाच. झाडू आणि व्हॅक्यूम दोन्ही वर्ज्य. पत्र्याला ब्लीचने गंज चढतो, म्हणून दहा मिनिटांनी साबणाच्या पाण्याने आणि मग साध्या पाण्याने धुवा. मोटार आणि पंप ओले करू नका. प्लग आधीच काढलेला असू द्या. ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनरचे आम्ल कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

साबण इथे चालतो तो वर सांगितलेल्या रचनेमुळेच. काटे मेदाच्या पातळ आवरणात रोवलेले असतात. साबणाने ते आवरण विरघळले की काट्यांना उभे राहायला जागाच उरत नाही, आणि काट्यांशिवाय विषाणूला पेशीत शिरता येत नाही.

साफसफाईनंतर एक ते आठ आठवड्यांत ताप, कंबर-मांड्या दुखणे, लघवी कमी होणे किंवा दम लागणे यांतले काही झाले, तर डॉक्टरांना उंदरांच्या घाणीशी संपर्क आल्याचे आपणहून सांगा. ते कळले नाही तर तपासणी डेंगी-मलेरियापाशीच थांबू शकते.