पहिलं रोमन सोन्याचं नाणं घेताना

सम्राज्ञींच्या ऑरियसपासून, म्हणजे रोमन सोन्याच्या नाण्यापासून, सुरुवात करताय, तर थोरल्या फाउस्टिनापासून करा. इ. स. १४० च्या सुमारास ती वारली. तिचा नवरा, सम्राट अँटोनायनस पायस, याने तिला देवत्व दिलं आणि स्वतःच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १६१ पर्यंत, तिच्या नावाची नाणी पाडत राहिला. म्हणून ती तुलनेने जास्त मिळतात. मला तर सगळ्या रोमन नाण्यांत हीच सर्वांत हृद्य वाटतात.

मुलगीही फाउस्टिनाच, आणि 'दिवा' (DIVA, म्हणजे देवत्व मिळालेली) ही उपाधी दोघींच्याही मरणोत्तर नाण्यांवर येते. तेव्हा केस बघा: आईच्या वेण्या माथ्यावर गुंडाळलेल्या, धाकटीचा अंबाडा मागे.

वजन सव्वासात ग्रॅमच्या आसपास हवं. सोनं गंजत नाही, त्यामुळे नाणं लखलखीत दिसलं म्हणून लगेच खोटं ठरवू नका. कड मात्र भिंगाखाली पूर्ण फिरवून पाहा. ओतीव नकलेची सांधरेषा तिथेच सापडते, तसंच जुनी कडी काढल्याची किंवा भोक बुजवल्याची खूणही. ही नाणी दागिन्यांत फार वापरली गेली. असा डाग असेल तर किंमत बरीच उतरायला हवी. विक्रेता कितीही गोड बोलला तरी पूर्ण भाव देऊ नका.