लेकरांची प्रार्थना आधी ऐक
अरे, तुझी पोरगी चार वर्षांची ना, मग प्रार्थना शिकवायची घाई नको करूस, आधी ती कशी करते ते ऐक. माझा मुलगा त्या वयात जेवणाआधी डोळे मिटून "प्रभू येशू, आजीचा गुडघा बरा कर आणि शेजारच्या मांजरीचा पाय पण, आमेन" म्हणायचा आणि लगेच भाकरीला हात. त्याचं मागून झालं की विषय संपला, आपण मात्र आमेन म्हणतो आणि तीच काळजी उशाला घेऊन झोपतो. एकदा मी मांजरीवरून हसलो तर दोन दिवस पठ्ठ्याने मोठ्याने प्रार्थनाच केली नाही, ते अजून टोचतं मला. बायबलमधलं मार्क 10:13-16 काढून वाच, मुलांना घेऊन येणाऱ्यांना शिष्यच दटावतात आणि येशू रागावतो तो शिष्यांवर, म्हणजे आपल्यासारख्या मोठ्यांवरच की! आणि हो, मागितलेलं मिळालं नाही तर "का नाही दिलं?" असं विचारेलच ती, तेव्हा उगाच उत्तर जुळवत बसू नकोस, "मलाही नाही माहीत, चल परत मागू" एवढं म्हण. संडे स्कूलचं, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या वर्गाचं, बायबलमधलं वचन एखाद्या आठवड्यात पाठ झालं नाही तरी चालतंय.