सिम्बॉल वापरल्याने चित्रकला मागे पडेल का?

प्रिय विद्यार्थिनी,

अ‍ॅनिमेशनची प्रत्येक फ्रेम हाताने रेखाटण्याची सवय असताना शिक्षक सिम्बॉलचा, म्हणजे एकदा काढून पुन्हा पुन्हा वापरता येणाऱ्या चित्राचा, आग्रह धरतात, आणि त्यामुळे आपली चित्रकला मागे पडून शोरीलही (निवडक कामांची चित्रफीत) हलकी दिसेल, अशी भीती तुम्ही पत्रात व्यक्त केली आहे. ही भीती मला रास्त वाटत नाही.

अ‍ॅडोबी अ‍ॅनिमेट या अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये (2016 पूर्वीचे फ्लॅश प्रोफेशनल) चित्र निवडून एफ-8 दाबले की ते सिम्बॉल होऊन लायब्ररीत जमा होते आणि स्टेजवर, म्हणजे चित्राच्या पटावर, त्याचा केवळ एक इन्स्टन्स (मूळ सिम्बॉलशी जोडलेली प्रत) उरतो. काम अर्ध्यावर आल्यानंतर दिग्दर्शकाने नायकाच्या सदऱ्याची रेखा बदलायला सांगितली, तर मूळ सिम्बॉलमध्ये एकदा केलेली दुरुस्ती त्या फाइलमधील सर्व इन्स्टन्समध्ये उतरते. सुटी चित्रे ठेवणाऱ्याला मात्र फ्रेममागून फ्रेम उघडत बसावे लागते. एकाच दृश्यापुरता वेगळा सदरा हवा असेल, तेव्हा आधी सिम्बॉलची डुप्लिकेट काढावी, अन्यथा तो सगळीकडेच बदलतो.

विद्यार्थी सर्वाधिक अडखळतात ते ग्राफिक आणि मूव्ही क्लिप या सिम्बॉलच्या दोन प्रकारांतील निवडीत. ग्राफिक सिम्बॉल मुख्य टाइमलाइनशी (फ्रेम क्रमाने मांडलेल्या पट्टीशी) बांधलेला असतो, त्यामुळे टाइमलाइनवर मागेपुढे सरकताना त्याच्या आतील हालचाल दिसत राहते. मूव्ही क्लिप स्वतःच्या टाइमलाइनवर स्वतंत्रपणे चालते आणि म्हणून ती गेम किंवा इंटरअ‍ॅक्टिव्ह कामाला अधिक सोयीची ठरते. संवादाच्या दृश्यासाठी ओठांचे सर्व आकार एकाच ग्राफिक सिम्बॉलच्या वेगवेगळ्या फ्रेमवर रेखाटून ठेवावेत आणि फ्रेम पिकरमधून उच्चारानुसार निवडावेत. हे आकार, वळलेल्या हाताचे पंजे, तीन-चतुर्थांश कोनातील चेहरा हे सारे शेवटी कोणाला तरी काढावेच लागते, आणि ते कच्चे असेल तर नुसत्या ट्वीनने (दोन स्थितींमधील हालचाल सॉफ्टवेअरकडून भरून घेऊन) ओढलेले पात्र कागदी बाहुलीसारखे हलते. अहमदाबादच्या एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्था) किंवा आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात पुढे शिकायचे मनात असेल, तर तेथील प्रवेशपरीक्षेतही रेखाटनाचा कस लागतोच.

शोरीलमध्ये हाताने रेखाटलेली एक चाल आणि सिम्बॉलच्या रिगवर (सुटे अवयव जोडून केलेल्या पात्राच्या सांगाड्यावर) केलेले संवादाचे एक दृश्य, अशी दोन्ही कामे ठेवावीत. मुलाखतीला जाताना मूळ फाइलही सोबत न्यावी. मात्र त्यापूर्वी लायब्ररीतील ‘सिम्बॉल 1’, ‘सिम्बॉल 2’ ही आपोआप पडलेली नावे काढून ‘डावा दंड’, ‘उजवा पंजा’ अशी नावे द्यावीत, कारण स्टुडिओत तुमची फाइल दुसऱ्याच कोणाच्या तरी हाती जाणार असते.

आपला,
करिअर मार्गदर्शक