गहूमा किडा पडनात, आते काय करू?

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आगेमागे कोठ्या भरल्या जातात आणि पहिला पाऊस मुरला की तुमची पत्रं सुरू होतात, हे आता मला पाठच झालंय. या महिन्यात आलेल्या प्रश्नांतले निम्मे एकाच विषयावरचे, म्हणून बाकीचे बाजूला ठेवून फक्त किडीचेच घेतलेत. लोणच्याच्या बुरशीवाल्या ताईंनी रागावू नये, पुढच्या वेळी नक्की.

प्रश्न : एप्रिलात दीड क्विंटल लोकवन गहू घेतला, पत्र्याच्या कोठीत भरला, वरून कडुलिंबाचा पालाही टाकला. परवा दळणासाठी काढायला गेले तर बारीक काळपट किडे कोठीच्या भिंतीवर चढताय. सासूबाई म्हणताय तू नीट वाळवला नाही, दुकानदार म्हणतो माझा माल चोख होता, कीड तुमच्या घरातली. शेजारीण नुसती विचारते, गहूमा किडा पडनात, आते काय करू? खरं कुणाचं?
— एक सूनबाई, अमळनेर

उत्तर : सासूबाईंचं अर्धं खरं, दुकानदाराचंही अर्धं, आणि तुम्ही पूर्ण निर्दोष नाही, पण आधी किडा कोणता ते बघू. एक किडा तळहातावर घ्या, उन्हात धरा. ज्वारीच्या दाण्याहूनही बारीक, पुढे हत्तीसारखी सोंड, पाठीवर नीट पाहिलं तर चार फिकट तांबूस ठिपके, आणि बोट लावलं की पाय पोटाशी घेऊन मेल्याचं सोंग करतो, मिनिटभराने हळूच चालायला लागतो. हा सोंड्या. कुणी सोंडे म्हणतं, कुणी टोके, बऱ्याच घरांत नुसतं "किडे".

याची मादी सोंडेने दाण्याला भोक पाडते, आत एक अंडं घालते आणि भोक चिकट पदार्थाने लिंपून टाकते. बाहेरून दाणा एकदम चांगला दिसतो, अळी आतच वाढते, आतच कोष होतो, आणि पूर्ण किडा झाला की दाणा कुरतडून बाहेर पडतो. म्हणजे दुकानदाराने तुमच्यासमोर चाळून दिला तरी आतली अंडी चाळणीला कुठे कळणार? उबदार हवेत या सगळ्याला साधारण ४ ते ५ आठवडे लागतात आणि एक मादी आयुष्यात ३०० च्या वर अंडी घालू शकते. एप्रिलातल्या पाच-दहा किड्यांचं श्रावणापर्यंत काय होतं तो हिशोब तुम्हीच करा. आणि हा किडा उडतोही, त्यामुळे घरातल्या जुन्या धान्यातून नव्यात जाणंही शक्य असतं.

माझंच सांगते. लग्नानंतर धुळ्याला पहिल्या वर्षी मी मोठ्या हौसेने कोठी भरली, तळाला मागच्या वर्षीचा पायलीभर गहू होता तो "कशाला काढायचा" म्हणून तसाच राहू दिला आणि त्यावर नवा ओतला. ऑगस्टात हात घातला तर वरचा गहू थंड आणि कोपरभर खाली कोमट, अगदी कुणीतरी मांडीवर धरून बसल्यासारखा. मला वाटलं कोठीला चुलीची झळ लागत असेल. किड्यांच्या श्वासाने धान्य तापतं, ओल धरतं आणि मग बुरशीही येते, हे मला तेव्हा कुठे माहीत. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत, फक्त मधला गहू मुठीत घेऊन माझ्या पदरात टाकला. पीठच होतं ते अर्धं.

आता तुमच्या कोठीचं. सगळा गहू बाहेर काढा, वरवरचा काढून चालणार नाही. चाळा, चाळण कोंबड्यांना घाला किंवा साबणाच्या पाण्यात टाका, दारामागच्या केराच्या टोपलीत नको कारण तिथून ते परत येतात. मग ऊन. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातो, त्या उन्हात धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, काळ्या ताडपत्रीवर बोटभर जाड थर पसरला, दर तासाला पायाने फिरवला तर किडा टिकत नाही, पण भिंतीला लागून पसरू नका, ऊन चढलं की हे सगळे सावलीकडे पळतात, भिंतीच्या कडेला रांग लावतात आणि संध्याकाळी परत गव्हात. मोकळ्या मध्यावर पसरा आणि कडेला आलेले झाडून घ्या. आत्ता पावसात तसं ऊन नाही हे मला कळतं. उघडीप मिळेल तेव्हा दोन दिवस वाळवा, आणि चाळलेला गहू वेगळ्या डब्यात ठेवून आधी तोच दळून संपवा. दाण्यातली अंडी-अळ्या चाळणीने जात नाहीत म्हणून १५-२० दिवसांनी परत चाळायचंच, एकदा केलं आणि सुटलो असं होत नाही.

वाळला की नाही ते दाताने बघा, दाणा कट्कन फुटला पाहिजे, चेपला गेला तर अजून ओला. साठवायच्या गव्हात ओलावा १० ते १२ टक्क्यांच्या आत असावा, त्याहून कोरडा असेल तर सोंड्याची वाढच मंदावते. आणि गरम गरम भरू नका, झाकणाला आतून घाम सुटतो. ऊन उतरायच्या आत गोळा करा, घरात पसरून थंड होऊ द्या, मग भरा, काठोकाठ भरा म्हणजे आत हवा कमी राहते, आणि रोजच्या वापराचा वेगळा लहान डबा ठेवा, नाहीतर दर चार दिवसांनी मोठी कोठी उघडून तुम्हीच त्यांना हवा खायला घालता.

पाल्याचं विसरलेच. कडुलिंब टाकलात ते वाईट नाही, पण झाडावरून तोडला आणि टाकला असं केलंत का? ओला पाला म्हणजे धान्यात पाणी ओतल्यासारखं. सावलीत कुरकुरीत वाळवून टाकावा, आणि त्याने किडा थोडा लांब राहतो इतकंच, आत असलेला काही त्याने मरत नाही.

प्रश्न : आमच्या गव्हात किडे नाही, बारीक तपकिरी केसाळ अळ्या आहे. वरच्या थरातच दिसतात. पोत्याच्या शिवणीतही सापडल्या. दाण्याचं तोंड खाल्लेलं. हात घातला तर खाज सुटते.
— एक शेतकरी, शिरपूर

उत्तर : भाऊ, हा खापरा. याला दमट हवा नको, कोरडं कडक ऊन आवडतं, म्हणजे आपला खान्देश त्याचं माहेरच समजा. नुकसान अळीच करते, मोठा भुंगेरा तर उडतही नाही. खाज सुटते ती त्यांच्या टाकलेल्या कातड्यांच्या केसांमुळे. याची वाईट खोड अशी की खायला नसलं तरी अळी भिंतीच्या चिरेत, पोत्याच्या शिवणीत कितीतरी महिने, कधी वर्षांवर निपचित पडून राहते आणि नवं धान्य आलं की उठून बसते. म्हणून गव्हापेक्षा तुम्ही खोलीकडे बघा. बारदान जुनं असेल तर उकळत्या पाण्यात बुडवून कडक वाळवा, फाटकं असेल तर जाळा, दोन-चार रुपयांचा मोह नको. खोलीच्या भिंतीच्या चिरा सिमेंटने बुजवा. पोती भिंतीपासून हातभर लांब, खाली लाकडी फळ्या. वरचा वीतभर थर वेगळा काढून चाळा, खालचा बऱ्याचदा चांगला निघतो.

प्रश्न : शालकांनी बाजारातून गव्हात ठेवायच्या गोळ्या आणल्या आहेत, फडक्यात बांधून कोठीत टाका म्हणतात, किडा म्हणून राहणार नाही. कोठी आमच्या झोपायच्या खोलीत आहे. टाकू का?
— पाचोरा

उत्तर : नका टाकू. खरं तर हे एवढं एकच वाक्य छापून थांबणार होते.

ती ॲल्युमिनियम फॉस्फाईडची गोळी असेल तर हवेतल्या ओलाव्याने तिच्यातून फॉस्फीन गॅस निघतो, ३ ग्रॅमच्या एका गोळीतून साधारण १ ग्रॅम. किड्याला मारतो तोच माणसालाही मारतो, आणि त्याच्यावर उतारा नाही, डॉक्टर फक्त शरीराला आधार देऊ शकतात. गोदामात ताडपत्रीखाली, कडा बंद करून, शिकलेल्या माणसांनी वापरायची ती वस्तू आहे, घरात वापरायला आपल्या देशात परवानगीच नाही. कोठीचं झाकण तुम्हाला घट्ट वाटतं, गॅसला वाटत नाही. रात्री दार-खिडक्या लावून, पोरं त्याच खोलीत झोपवून... मला पुढचं लिहवत नाही. शालकांचा मान ठेवा, गोळी ठेवू नका. आधीच टाकली असेल तर दार-खिडक्या उघडून सगळे बाहेर पडा, कोठीत परत हात घालायला जाऊ नका, आणि कुणाला मळमळ, छातीत दडपण, चक्कर वाटली तर घरी ताक-लिंबू करत बसू नका, सरळ दवाखाना, आणि डॉक्टरांना गोळीचं नाव सांगा.

पाऱ्याच्या गोळ्यांबद्दलही दोघींनी विचारलंय. पारा विषारीच, खायच्या धान्याजवळ नकोच. आणि बोरिक पावडर चोळायची पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे, मला माहितीय, माझ्या आईनेही केलंय, पण झुरळांसाठी कणकेत कालवून गोळ्या करतो तीच ही पावडर. नुसतं धुऊन ती पूर्ण जाते याची खात्री कोण देणार? तांदूळ निदान आपण धुतो तरी, गहू तर सरळ गिरणीत जातो.

प्रश्न : घरच्या शेतातले मठ (मटकी) आणि चवळी. दाण्यांवर पांढरे ठिपके चिकटलेत, पुसून जात नाही. काही दाण्यांना गोल भोक. बुरशी आहे का?
— एक वाचक, नंदुरबार

उत्तर : बुरशी नाही, अंडी आहेत. कडधान्याचा भुंगेरा अंडं दाण्याच्या वरच चिकटवतो, अळी तिथूनच आत शिरते. सोंड्याचं भोक वेडंवाकडं असतं आणि याचं अगदी टिकलीएवढं गोल, झाकण काढल्यासारखं. मोठा भुंगेरा काही खात नाही, आठ-पंधरा दिवस जगतो आणि अंडी घालून मरतो. शेतात शेंगेवरच याची सुरुवात होते, म्हणून मळणीनंतर लगेच ऊन द्यावं लागतं, "नंतर बघू" म्हटलं की गेलं.

ठिपके थोडेच असतील तर किलोला चहाचा एक चमचा खायचं तेल किंवा एरंडेल हाताने सगळ्या दाण्यांना चोळा, अंड्याचा श्वास कोंडतो. चार-पाच किलोच असेल तर त्याहून सोपं म्हणजे पिशव्या बांधून फ्रीझरमध्ये ४ ते ७ दिवस, उणे १८ च्या आसपास, अंड्यासकट काम होतं, फक्त बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, आधी खोलीइतकी गरम होऊ द्या, नाहीतर दाण्यांवर पाणी धरतं. तूर-मूग-उडदाची डाळ करून ठेवली तर हा भुंगेरा फार त्रास देत नाही, त्याला अख्खा दाणा लागतो. आपल्या आज्या उन्हाळ्यातच जातं मांडून बसायच्या ते उगीच नाही. त्या बियाण्याच्या मठाला चुलीची चाळलेली राखही घालायच्या, तीही खरीच, बारीक राखेने किड्याच्या अंगावरचा मेणाचा थर खरवडला जातो आणि तो वाळून मरतो. पेरायचं बी असेल तर मात्र फार कडक तापवू नका, उगवण जाते.

प्रश्न : बट्टीचं पीठ एकदम दोन महिन्यांचं दळून आणलं, आता त्याला विचित्र वास येतो आणि लाल किडे आहेत. रव्यात जाळी. चाळून वापरू का?
— भुसावळ

उत्तर : वास यायला लागलेलं पीठ टाका. लाल भुंगेरे पिठात एक उग्र पदार्थ सोडतात, पीठ करडं-गुलाबी दिसायला लागतं, बट्टी तुपात कितीही बुडवली तरी तो वास मरत नाही. हा किडा अख्ख्या दाण्याला काही करू शकत नाही, त्याला फुटका दाणा नाहीतर पीठच हवं, म्हणून गहू ठेवा, पीठ पंधरा दिवसांचंच दळा. रव्यातली जाळी पतंगाच्या अळीची, गोळे-गोळे झालेला रवा टाका. नवा आणला की कढईत भाजून, गार करून भरा. डब्याच्या झाकणाच्या आट्यात जुनं पीठ अडकलेलं असतं, तिथे जुना ब्रश फिरवा.

प्रश्न : चुकून किडा पोटात गेला तर?
— शाळकरी वाचक, चोपडा

उत्तर : काही होत नाही बाळा. आईला सांगू नकोस, ती सगळा भात फेकेल.

प्रश्न : आजी कोठीत बिबे टाकायची. आम्ही टाकावे का?
— पारोळा

उत्तर : टाका हवं तर, आमच्याकडेही टाकायचे. पण मोजून टाका आणि आकडा कोठीवर खडूने लिहून ठेवा, कारण एखादा बिबा दळणात गेला तर तो खाणाऱ्याच्या तोंडाला उततो, हाताला उततो, आणि गिरणीवाला तुमच्या मागून दळायला आलेल्या दहा घरांचं बोलणं वर्षभर तुम्हालाच ऐकवतो.